सर्वानुमते

कवठे महांकाळ
शनिवार, १२ जुलै २०२५

प्रिय मदिहा,

"ताई, मला हे पटत नाही. चहा घेणार का?"

तीन वर्षांपूर्वी, शाळेत रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तू मला हे म्हणाली होतीस. नववीच्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेसाठी मी तयार संवाद फळ्यावर लिहून द्यायचे आणि मुलांकडून पाठ करून घ्यायचे. एकोणीस वर्षं तसंच करत आले होते. तू माझा फळा वाचलास, डस्टर टेबलावर ठेवलंस आणि हे म्हणालीस. मी मनातून घाबरले. वाटलं, झालं, ही आता उद्यापासून आपल्याशी बोलणार नाही. तू मात्र शिपाई शालूबाईंच्या स्टोव्हवरून दोन कप घेऊन आलीस आणि माझ्याच बाकावर बसून, बिस्किट बुडवत बुडवत, माझी पद्धत कशी चुकीची आहे ते मला सांगत राहिलीस.

ते वाक्य मला अजून पुरतं कळलेलं नाही. त्याचे दोन भाग एका दमात कसे येतात, ते. आपल्याकडे 'पटत नाही' हे मतांपेक्षा माणसांबद्दलच जास्त बोललं जातं. त्या दोघा भावांचं पटत नाही, म्हणजे बांधावर काट्या पडल्या. त्या जावांचं पटत नाही, म्हणजे चुली वेगळ्या झाल्या. पटत नाही आणि तरी चहा, हे मी तुझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं.

तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहेस. एका परीनं बरंच झालं. आमच्या घरात फोनवर बोललेलं बाहेरच्या सोप्यापर्यंत ऐकू जातं. शनिवारची सकाळची शाळा साडेअकराला सुटते, त्यानंतर तासभर स्टाफरूममध्ये कुणी नसतं, म्हणून परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्यांवर लिहिते आहे. पत्ता तुझ्या अम्मींकडून घेतला. एरवी अख्तरबी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. या वेळी "कोयनानगर, तिच्या भावाचं, कैफचं क्वार्टर, लिहून घ्या," एवढंच म्हणाल्या.

३० एप्रिलच्या शाळा समितीच्या सभेबद्दल तू माझ्यावर रागावली आहेस. रागव. जूनमध्ये तुझी तीन वर्षं भरून तू कायम होणार होतीस आणि त्याआधी महिनाभर 'काम असमाधानकारक' म्हणून तुला कमी केलं गेलं. त्या ठरावाखाली माझीही सही आहे, शिक्षक प्रतिनिधी म्हणून. पण तुला आपल्याकडची रीत ठाऊक आहे. आधी चहा येतो, चहाबरोबर इतिवृत्ताचं रजिस्टर फिरतं, कोऱ्या पानाच्या तळाशी सगळे सह्या करतात आणि ठराव मागाहून वर लिहिला जातो. वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे. मीही तशीच सही केली. वर काय येणार ते मला कुठं माहीत होतं?

कोल्हापूरला शाळा न्यायाधिकरणात तू अपील केलंस असं कळलं. मदिहा, तारखांना हेलपाटे घालण्यात वय जातं गं. तू ते मागे घेतलंस तर संस्था तुला अनुभवाचा चांगला दाखला देईल. साताऱ्याकडे कुठंही नोकरी मिळेल. विचार कर.

तुझी,
अर्जुनाताई


शनिवार, २ ऑगस्ट २०२५

प्रिय मदिहा,

तुझं उत्तर नाही. मी दर सोमवारी शालूबाईंना विचारते, "टपाल?" आणि त्या म्हणतात, "आवं मॅडम, या वयात कुनाच्या टपालाची वाट बघतायसा?"

नववीचा तो धडा आता माझ्याकडे आला आहे. सहमती आणि असहमती दाखवणारी वाक्यं. मी फळ्यावर 'डिसअ‍ॅग्री' लिहिलं आणि खाली अर्थ लिहिला, मतभेद असणे. लगेच मागून प्रश्न आला, "मॅडम, म्हंजे भांडण करणे?"

"नाही रे. भांडण वेगळं."

"मग भांडण न करता मतभेद कसा करत्यात?"

वर्ग हसला. मीही हसले. मग उपयोग सांगितला. माणसाचं नाव आलं की त्याआधी 'विथ' लावायचं, विषय आला की 'अबाउट'. आणि तू सांगायचीस तेच, तुझं नाव न घेता सांगितलं, की 'विथ' म्हणजे सोबत. ज्याचं आपल्याला पटत नाही त्याच्या सोबत राहूनच ते सांगायचं, उठून जाऊन नव्हे. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझ्या तोंडून ते खोटं वाटलं नसावं. मुलं शिक्षकांवर विश्वास ठेवतात.

तू शिकवायचीस तेव्हा जोड्या लावायचीस. एकानं म्हणायचं, उन्हाळा हिवाळ्यापेक्षा चांगला. दुसऱ्यानं उठायचं, "आय डिसअ‍ॅग्री विथ यू," कारण द्यायचं, "थँक्यू" म्हणायचं आणि बसायचं. व्हरांड्यातून जाताना मला ते कवायतीसारखं ऐकू यायचं.

२६ जानेवारी आठवते मला. रोज आठवते. झेंडावंदनानंतर सचिवांनी माइकवरून सांगितलं की मुलींच्या कबड्डीच्या मैदानावर यंदा संस्थेचं मंगल कार्यालय उभं राहणार. आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आहे ना सगळ्यांना मान्य?" सगळ्या शाळेनं "हो" म्हणून ओरडायचं असतं. ओरडली. मग तिसऱ्या रांगेतून नववीची उत्कर्षा उठली. दोन वेण्या, सरळ मान. "सर, आय डिसअ‍ॅग्री विथ यू. बिकॉज वुई प्ले देअर. थँक्यू." आणि खाली बसली.

पाहुण्यांपासून शिपायांपर्यंत सगळे हसले. सचिवही हसले. मग त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, "तुमचं शिकवणं का हे, मॅडम?" तू म्हणालीस, "हो सर. वाक्य बरोबर आहे तिचं."

सचिव म्हणजे आमचे नाथाजीदादा, माझे थोरले दीर. घरी आल्यावर ते हसत नव्हते. जेवताना म्हणाले, "कुनाची रं ती पोर? मेंढक्या नानासोची नात? आज पोरीनं डिसअ‍ॅग्री केलं, उद्या त्याची मेंढरं करतील." सगळे हसले. मी आमटी वाढत होते. मीही हसले असेन.

मदिहा, मागच्या पत्रात मी लिहिलं की पान कोरं होतं. अगदी कोरं नव्हतं. वर विषयपत्रिका लिहिलेली होती आणि विषय क्रमांक चारमध्ये तुझं नाव होतं. म्हणजे मला माहीत होतं.

आणि दाखल्याचं जे लिहिलं होतं, तो निरोप दादांचा होता. त्यांनी ह्यांना सांगितला, ह्यांनी मला. मला वाटलं, या निमित्तानं तरी तुला लिहिता येईल.

अर्जुनाताई


शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

मदिहा,

तुझं पाकीट आलं. शालूबाईंनी ते हजेरीपत्रकाखालून माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "आलं बगा तुमचं. पन पातळ हाय लय." आत पत्र नव्हतं. ठरावाच्या पानाची झेरॉक्स होती. त्यातल्या 'सर्वानुमते' या शब्दाभोवती लाल पेनानं गोल केला होतास, आपण वहीत चुकीला करतो तसा, आणि समासात लिहिलं होतंस, "हे अक्षर मी ओळखते."

ओळखणारच. तीन वर्षं एकाच टेबलावर पेपर तपासले आपण.

हो, ठराव माझ्या अक्षरात आहे. समितीचं इतिवृत्त गेली नऊ वर्षं मीच लिहिते. मुख्याध्यापकांचं अक्षर वाचवत नाही, म्हणून ते सांगतात, "कोळेकर मॅडम, तुम्ही घ्या." हे मी तुझ्यापासून लपवलं. ज्या दिवशी लपवलं त्या दिवशी असं वाटलं, की नुसती सही करणारी थोडी कमी दोषी असते.

आता सगळं सांगते. पण त्याआधी एक गोष्ट, जी तुला सांगायची कधी वेळ आली नाही. आमच्या घरी धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. लग्नाला बावीस वर्षं झाली, दादांशी मी थेट एक वाक्य बोललेले नाही. ते मला बोलतात, "अर्जुना, पाणी आण," "अर्जुना, उद्या लवकर ये." मी पदर सावरते, मान हलवते, काही सांगायचं असलं तर ह्यांच्याकडून किंवा सासूबाईंकडून सांगते. सासूबाई गेल्यापासून फक्त ह्यांच्याकडून. आणि मान हलवायची तीही एकाच दिशेनं. नाही म्हणायचं तर मान कशी हलवतात हे मी त्यांच्यापुढं कधी करून पाहिलेलं नाही.

समितीत मी शिक्षक प्रतिनिधी आहे, पण तिथंही डोक्यावर पदर असतो. बाकीचे सहा जण बोलतात, मी लिहिते. दादा सांगतात आणि माझा हात चालतो. लोक कौतुक करतात की आमच्या सचिवांच्या घरातली सून किती मर्यादेनं असते.

त्या दिवशी विषय चार आला. दादा म्हणाले, "शेख मॅडमचं काम काय समाधानकारक न्हाई. पोरांना उलट बोलायला शिकवत्यात. काय म्हणणं हाय?" चौघांनी माना हलवल्या. मग पालक प्रतिनिधी नानासो, उत्कर्षाचे आजोबा, खुर्चीवरून उठले. उठायची गरज नव्हती. पण ते उठले, टोपी नीट केली.

"मला ह्ये पटत न्हाई."

दादा म्हणाले, "बसा की नानासो. तुमच्या नातीचा विषय न्हाई हा."

"नातीचं न्हाईच म्हणत मी. बाईंनी पोरांना बोलाय शिकवलं. पोरं बोलली. ह्यात बाईंचा गुन्हा काय हाय, त्ये मला समजंल असं सांगा. न्हाईतर माझं न्हाई म्हणून लिवा."

"लिहू की. सगळं लिहितोय आपण," दादा म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता सांगायला लागले, "लिही अर्जुना. सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन, सर्वानुमते..."

मदिहा, माझा हात थांबला. खरंच थांबला. किती वेळ ते सांगता येणार नाही, पंख्याच्या दोन-तीन फेऱ्या असतील. मला वाटलं की कुणीतरी विचारेल, काय झालं म्हणून. कुणी विचारलं नाही. दादांनी तो शब्द पुन्हा उच्चारला, जरा सावकाश, शुद्धलेखन घालतात तसा. सर्वानुमते. आणि मी लिहिला.

नानासोंना लिहिता येत नाही. अंगठ्याखाली 'वाचून दाखविले' असं लिहून वाचणाऱ्यानं सही करायची असते. ती मीच करते. ते शाई लावलेला अंगठा वर धरून माझ्याजवळ आले, आणि हळूच विचारलं, "बाई, माझं म्हणणं लिवलं न्हवं?"

मी म्हणाले, "लिहिलं."

"मी एकटाच हुतो, तरी लिवलं?"

मी म्हणाले, "व्हय आबा."

त्यांनी अंगठा उठवला.

याच्यापुढं आज लिहवत नाही.

अर्जुना


शनिवार, २० सप्टेंबर २०२५

मदिहा,

आज शाळा सुटल्यावर मी नानासोंच्या वस्तीवर गेले होते. तिथून येऊन आता शाळेत बसले आहे. गुडघे बोलत आहेत. घरी सांगितलंय की पटपडताळणीचे तक्ते भरायचेत.

खोटं बोलणं मला इतकं सोपं जातं हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळतं आहे.

मी पिशवीत तू पाठवलेली झेरॉक्स घेऊन गेले होते. दगडाबाई, नानासोंची मालकीण, दारातच म्हणाल्या, "बाई, उनातनं आलायसा, आदी पानी प्या. मग काय तक्रार आसंल ती सांगा. कारटीनं काय क्येलं?" उत्कर्षा आतून दचकून बाहेर आली. ती आता दहावीत आहे. वर्गात हात वर करत नाही. जूनपासून एकदाही केला नाही.

मी म्हणाले, "तिनं काही केलं नाही. मीच केलंय."

नानासो मेंढरांच्या वाड्याची जाळी दुरुस्त करत होते. हातातलं काम ठेवून आले. मी कागद पुढं केला, आणि मग लक्षात आलं की ते वाचू शकत नाहीत आणि मला तो वाचून दाखवण्याचा हक्क उरलेला नाही. त्यांनी तो नातीकडे दिला. "वाच गं."

उत्कर्षानं तो उभ्यानं वाचला. धडा वाचतात तशी, विरामचिन्हांना थांबत. 'सर्वानुमते मंजूर करण्यात आला' पर्यंत गेली आणि थांबली.

"आबा, म्हंजे तुमीबी?"

"काय मीबी?"

"सर्वानुमते म्हंजे सगळ्यांनी हो म्हणलं. तुमीबी हो म्हणलासा असं लिवलंय हितं."

नानासोंनी कागद परत घेतला. खालचा अंगठ्याचा डाग बराच वेळ पाहिला. झेरॉक्समध्ये तो काळा ठिपकाच दिसतो, रेषा दिसत नाहीत. मी वाट पाहत होते की ते ओरडतील. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

ते म्हणाले, "बाई, मला लिवाय-वाचाय येत न्हाई. म्हणून मी कागदाकडं बघून आंगठा देतच न्हाई कवा. माणसाच्या तोंडाकडं बघून देतो. तवा तुमच्या तोंडाकडं बघून दिला हुता."

दगडाबाई आत गेल्या. चहा ठेवल्याचा आवाज आला, पण चहा आला नाही.

मी विचारलं, "आबा, कोल्हापूरला येऊन हे सांगाल का?"

"येतो की. का न्हाई? पर तितला वकील इचारंल, तुमास्नी वाचून दावलं हुतं, खाली बाईंची सही हाय. मग मी काय म्हणू? बाई खोट्या हायत म्हणू?"

मी पिशवीच्या बंदाला गाठ मारत बसले.

"तुमी सांगा, बाई. तुमी म्हणा म्हणलासा, तर म्हणतो. न्हाईतर उगं कुनाच्या लेकीबाळीला भर कचेरीत खोटं कशाला पाडू?"

मदिहा, त्यांनी माझी परवानगी मागितली. ज्यांचं म्हणणं मी पुसलं, त्यांनी मला खोटं म्हणण्याची परवानगी माझ्याकडेच मागितली. मला एवढंच म्हणायचं होतं, "म्हणा." एक शब्द. मी पिशवी उचलली आणि "बघते, आबा," असं म्हणून निघाले. बघते! काय बघणार होते मी?

उत्कर्षा बांधापर्यंत माझ्याबरोबर आली. वळताना फक्त विचारलं, "शेख मॅडम येणार हायत का परत?" मी म्हणाले, "माहीत नाही." निदान हे एक तरी खरं बोलले.

वाटेत मी एकटीच 'डिसअ‍ॅग्री' म्हणून पाहिलं. मोठ्यानं. आजूबाजूला फक्त ज्वारीची रानं होती. इंग्रजीत ते किती सहज येतं. 'मी' आणि हे क्रियापद, झालं वाक्य. मराठीत मला ते कुणापुढं तरी म्हणावं लागतं आणि त्या कुणाचं तरी माझ्याशी नातं असतं. मग मी दिराची भावजय होते, नवऱ्याची बायको होते, आणि 'मी' कुठं जाते कळत नाही. हे कारण आहे की सबब, ते तू ठरव. तू नेहमी माझ्या सबबींना कारण म्हणू द्यायची नाहीस.

अर्जुना


शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

प्रिय मदिहा,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आहे, म्हणजे दिवाळीच्या आधी मिळेल. २९ तारखेला सुनावणी आहे हे मला माहीत आहे, कारण घरात आता दुसरा विषय नाही.

मागच्या रविवारी दादांनी सोप्यात मला बोलावलं. संस्थेच्या वकिलांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा दिला होता. मी, इतिवृत्त लिहिणारी, असं शपथेवर सांगते की ठराव सर्वांच्या संमतीनं झाला, कुणीही विरोध नोंदवला नाही, आणि अंगठा देणाऱ्या सदस्यांना तो शब्दशः वाचून दाखवला. दादा चांगलं बोलले. ते माझ्याशी नेहमी चांगलंच बोलतात. "अगं, एक सही. तुझंच अक्षर, तुझंच रजिस्टर. तुला काय नवीन सांगायचं हाय त्यात? गुरुवारी नोटरीकडं जाऊन या दोघं."

मी मान हलवली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी नुसती उभी राहिले. त्यांना ते कळलंच नाही. हलवली असेल असं धरून ते पेपर वाचायला लागले.

मग मी स्वयंपाकघरात ह्यांना म्हणाले, "मला हे पटत नाही."

"काय पटत न्हाई?"

"दादांचं. नानासो नाही म्हणाले होते. मी लिहिलं नाही."

ह्यांनी आधी उठून दार लोटलं. मग म्हणाले, "हळू बोल." तुला माहीत आहे, तानाजी वाईट माणूस नाही. शाळेची गाडी चालवतात, बारा वर्षांत एका पोराला खरचटलं नाही. शेवटी म्हणाले, "अर्जुना, दादाला न्हाई म्हणायचं म्हंजे घराला न्हाई म्हणायचं. मी मग उभा कुठं ऱ्हाऊ? पोरीचं लगीन उरकायचं हाय फेब्रुवारीत. पुढं कोण उभा ऱ्हाणार हाय? दादाच की." त्यांचे डोळे भरले होते. ते रागावले असते तर मी कदाचित टिकले असते.

तरी मी म्हणाले, "तुम्ही दादांना माझं म्हणणं सांगा. मला बोलता येत नाही त्यांच्याशी."

"मी सांगू? मला तरी कवा बोलता आलंय?"

मदिहा, बावीस वर्षं मी ज्या दारातून माझे निरोप पाठवत आले, ते दार पलीकडून कधीच उघडं नव्हतं.

गुरुवारी मी सही केली. तहसील कचेरीसमोरच्या नोटरीकडे, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून. नोटरी म्हणाले, "वाचलंय ना, मॅडम?" मी म्हणाले, "वाचलंय." ह्यांनी माझ्यासाठी उसाचा रस आणला.

म्हणजे माझं एक म्हणणं आता शपथेवर आहे, शिक्का मारलेलं. तू मला कधी क्षमा करावीस असं मी मागणार नाही.

आणि तरी आज शाळा सुटल्यावर पुन्हा इथं बसले आहे. आठवड्यातला हा एक तास सोडला तर दुसरी कुठलीही जागा नाही, जिथं मी लिहिते आणि कुणी सांगत नसतं. म्हणून, कुणी न सांगता, पुढचं लिहिते.

मी, सौ. अर्जुना तानाजी कोळेकर, वय ४५, सहशिक्षिका, लिहून देते की, दिनांक ३० एप्रिल २०२५ रोजीच्या शाळा समितीच्या सभेत विषय क्रमांक चारवर पालक प्रतिनिधी नानासो यांनी उभे राहून विरोध केला. तो विरोध लिहावा असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मी तो ऐकला व लिहिला नाही. 'सर्वानुमते' हा शब्द सचिवांनी सांगितला व मी लिहिला. सदस्यांच्या सह्या ठराव लिहिण्यापूर्वी झाल्या होत्या. नानासो यांचा अंगठा ठराव लिहिल्यावर घेतला. तो त्यांना वाचून दाखवला नाही. त्यांचे म्हणणे लिहिले आहे असे मी त्यांना तोंडी सांगितले, ते खोटे होते. दिनांक ९ ऑक्टोबर २०२५ रोजी मी केलेले प्रतिज्ञापत्रही खोटे आहे. मदिहा शेख यांचे वर्ग मी तीन वर्षे शेजारच्या खोलीतून ऐकले आहेत. त्यांचे काम असमाधानकारक असल्याचे मला एकदाही आढळले नाही.

एवढं लिहायला मला वीस मिनिटं लागली. खाडाखोड एकही नाही, पाहा. प्रत्येक पानाच्या तळाशी पूर्ण सही आणि तारीख घातली आहे. आधीच्या पत्रांवर नुसतं नाव आहे, पण अक्षर तेच आहे, आणि ते तू ओळखतेस. रजिस्टरशी ताडून पाहायला कुणाला अवघड जाऊ नये.

हे बाहेर आलं तर काय होईल, ते मी मनाशी सगळं पाहून घेतलं आहे. नोकरी जाईल. खोट्या शपथेबद्दल जे व्हायचं ते होईल. सोप्यातून मला कुणी हाक मारणार नाही. फेब्रुवारीत मांडवात पुढं कोण उभं राहील, ते मला दिसत नाही. ह्यांच्या तोंडाकडे मी कशी बघेन, तेही दिसत नाही. शालूबाई पाकिटाला डिंक आणायला गेल्या आहेत, त्या येईपर्यंत एवढंच उरलं आहे.

मदिहा, एक मागणं आहे. घरी उद्या मला विचारतील, तू हे का दिलंस, निदान तिला लपव तरी म्हणाली नाहीस का? तेव्हा मला खरेपणानं 'म्हणाले होते' असं सांगता यावं, म्हणून लिहून मागते आहे. तू देणार नाहीस. जुलैत अपील मागे घे म्हणून मागितलं ते दिलं नाहीस, हेही देणार नाहीस.

ही पत्रं फाडून टाक. २९ तारखेला कोल्हापूरला ती कुणालाही दाखवू नकोस.

तुझी,
अर्जुना तानाजी कोळेकर
११-१०-२०२५